बोलणे आणि ऐकणे वेगळे ठेवण्याची विद्या
(बिनतारी रिले साखळीतील डुप्लेक्स पद्धती आणि फ्रिक्वेन्सींची विभागणी)



डोंगरमाथ्यावरच्या बिनतारी रिले केंद्राचे काम एका वाक्यात सांगता येते. एका बाजूने आलेला संदेश ऐकायचा आणि त्याच क्षणी तो दुसऱ्या बाजूला जोरात बोलायचा. वाक्य सोपे आहे, काम सोपे नाही. दूरवरून आलेला संदेश अतिशय क्षीण असतो आणि केंद्राचा स्वतःचा आवाज प्रचंड असतो. दोन्हींच्या अँटेना एकाच मनोऱ्यावर असतात, पुष्कळदा दोन्हींना मिळून एकच अँटेना असते. अशा जागी कानावर काय पडणार? स्वतःचाच आवाज.

किती प्रचंड आणि किती क्षीण, याचा हिशेब एकदा मांडला पाहिजे. साध्या व्हीएचएफ रिपीटरचा ट्रान्समीटर २५ वॉटचा धरला आणि त्याचा रिसीव्हर पाव मायक्रोव्होल्टचा संदेश ओळखतो असे धरले, तर ५० ओहमच्या केबलवर या दोन शक्तींचे गुणोत्तर येते दोनावर सोळा शून्ये. म्हणजे वीस हजार लाख कोटी. अभियंते हीच गोष्ट १६३ डेसिबेल अशी सांगतात, कारण दर १० डेसिबेलला शक्ती दहापट होते. इतका मोठा आवाज शेजारी चालू असताना इतका लहान आवाज ऐकायचा आहे. रिलेच्या शास्त्रात अंतराचा प्रश्न दुय्यम आहे, कारण उंच जागा मिळाली की अंतर कापता येते. मुख्य प्रश्न आहे तो बोलणे आणि ऐकणे एकमेकांपासून वेगळे कसे ठेवायचे, हा.

वेगळे ठेवण्याचे मार्ग मोजकेच आहेत. जागा वेगळी करायची, फ्रिक्वेन्सी वेगळी करायची किंवा वेळ वेगळी करायची. अलीकडे चौथा मार्ग निघाला आहे, आपला आवाज हिशेबाने वजा करण्याचा. यातला एकही मार्ग फुकट मिळत नाही. जागेला जमीन लागते, फ्रिक्वेन्सीला स्पेक्ट्रम लागतो, वेळेला वेग लागतो. कोणती किंमत कुठे मोजायची, हेच रिले जाळ्याच्या आखणीचे मर्म आहे.

जागा वेगळी करण्याचा मार्ग सर्वांत जुना, आणि त्याचे ठळक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १९२७ साली भारत आणि इंग्लंड यांच्यात लघुलहरींवरची ‘बीम’ बिनतारी तारसेवा सुरू झाली. इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनीने मार्कोनी पद्धतीने उभारलेल्या या सेवेचे प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकीला होते आणि ग्रहण केंद्र दौंडला. मधले अंतर सुमारे पाऊणशे किलोमीटर! इंग्लंडमध्येही तीच रचना होती. बोलायचे ग्रिम्सबीजवळून, ऐकायचे स्केगनेसजवळ. दोन गावी जमिनी, दोन गावी मनोरे, दोन गावी यंत्रे आणि माणसे, हा सारा खर्च कशासाठी? हजारो किलोमीटर प्रवास करून आलेला क्षीण संदेश खडकीच्या प्रक्षेपकाच्या शेजारी ऐकूच आला नसता, म्हणून. तोंड एका गावात आणि कान दुसऱ्या गावात ठेवला, की एकाच वेळी येणारी आणि जाणारी अशी दोन्ही वाहतूक चालू राहू शकते.

जागेची ही किंमत आजही मोजली जाते. नाशिक-पुणे महामार्गावर नारायणगावाजवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची. त्या अँटेना आकाशाला काहीच सांगत नाहीत, फक्त ऐकतात. तरीही आसपासच्या प्रत्येक ट्रान्समीटरकडे तिथल्या लोकांना लक्ष ठेवावे लागते, कारण आकाशातून येणारा संदेश पृथ्वीवरच्या कुठल्याही यंत्रापुढे नगण्य असतो. दूरदूर पसरलेल्या त्या अँटेनांनी टिपलेले संदेश मध्यवर्ती इमारतीत आणले जातात, तेही ऑप्टिकल फायबरमधून. ज्याला खरोखर बारीक ऐकायचे आहे, तो आपल्या आसपास बोलणे टाळतो.

रिले केंद्राला मात्र ही चैन परवडत नाही. त्याची सारी किंमत त्याच्या जागेत असते. सपाट मुलखात ४० मीटर उंचीच्या मनोऱ्यावरून क्षितिज सुमारे २६ किलोमीटरवर येते. तसेच दोन मनोरे समोरासमोर असले तर ५२ किलोमीटर. हे गणित वातावरणात लहरी किंचित वाकतात हे धरून केलेले आहे. आपला नाशिक जिल्हा मात्र सपाट नाही. पश्चिमेला त्र्यंबक-अंजनेरीचे डोंगर, दक्षिणेला महाराष्ट्रातले सर्वांत उंच कळसूबाई, १,६४६ मीटरचे. मधून चांदवडकडे जाणारी सातमाळ्याची रांग, उत्तरेला बागलाणात १,५६७ मीटरचा साल्हेर. पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतली कितीतरी गावे दऱ्यांच्या कुशीत आहेत. तिथे लहर पोहोचवायची तर ती डोंगरावरूनच खाली उतरवावी लागते. म्हणजे बोलायलाही तोच माथा हवा आणि ऐकायलाही तोच. अंजनेरीच्या माथ्यावर पाऊणशे किलोमीटर कुठून आणणार? फार तर एक अँटेना मनोऱ्याच्या टोकाला आणि दुसरी दहा मीटर खाली लावता येईल. व्हीएचएफवर त्याने साधारण ५५ डेसिबेलचा आडोसा मिळतो, म्हणजे तीन लाख पटींचा. ऐकायला मोठा वाटतो, पण १६३ समोर असताना पुरत नाही. इथून फ्रिक्वेन्सीच्या विभागणीचे राज्य सुरू होते.

रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो. भारतात हौशी रेडिओवाल्यांना, म्हणजे हॅम मंडळींना, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा मिळाला आहे आणि त्यात रिपीटरच्या दोन फ्रिक्वेन्सींमध्ये ६०० किलोहर्ट्झचे अंतर ठेवण्याची रीत आहे. १४५ मेगाहर्ट्झच्या मानाने हे अंतर हजारात चार इतकेच भरते. इतक्या जवळच्या दोन फ्रिक्वेन्सी एकाच अँटेनावरून एकाच वेळी, एक येणारी आणि एक जाणारी, कशा हाताळायच्या? त्यासाठी जे यंत्र लागते त्याला डुप्लेक्सर म्हणतात, आणि ते एकदा जवळून पाहण्यासारखे आहे.

लोखंडी चौकटीत सहा उभी नळकांडी एका ओळीत बसवलेली असतात. प्रत्येकाची उंची अर्ध्या मीटरहून थोडी अधिक असते, कारण १४५ मेगाहर्ट्झची लहर दोन मीटर लांब आणि नळकांड्याच्या आतल्या दांड्याला तिचा चौथा हिस्सा हवा. आतले पृष्ठभाग चांगल्या बनावटीत चांदीचा मुलामा दिलेले असतात, कारण थोडासा विद्युत्‌रोधही नळकांड्याची फ्रिक्वेन्सी निवडण्याची धार बोथट करतो. डोक्यावर आट्यांचा दांडा असतो. तो फिरवला की आतल्या दांड्याची लांबी केसभर कमीजास्त होते आणि तेवढ्याने नळकांड्याची फ्रिक्वेन्सी सरकते. तीन नळकांडी रिसीव्हरच्या वाटेवर, तीन ट्रान्समीटरच्या वाटेवर. रिसीव्हरकडची तीन आपल्याच ट्रान्समीटरचा आवाज अडवतात, हे लगेच पटते. मग ट्रान्समीटरकडच्या तिघांचे काम काय? इथे पुष्कळ जण अडखळतात. ट्रान्समीटर फक्त नेमून दिलेल्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो, हे पूर्ण खरे नाही. त्याच्या मुख्य आवाजाच्या दोन्ही बाजूंना एक मंद खरखर पसरलेली असते आणि तिचा काही भाग थेट ऐकण्याच्या फ्रिक्वेन्सीवर पडतो. एकदा ती खरखर तिथे पोहोचली की रिसीव्हरकडचे कोणतेही फिल्टर तिला वेगळे काढू शकत नाही, कारण ती आणि दूरचा संदेश एकाच फ्रिक्वेन्सीवर असतात. म्हणून ती उगमापाशीच अडवायची. दोन्ही वाटांवर मिळून ८० ते १०० डेसिबेलची भिंत उभी राहते आणि उरलेले काम रिसीव्हरची स्वतःची निवडशक्ती करते.

या भिंतीचा शत्रू आहे ऊन. एप्रिलच्या दुपारी माथ्यावरची पत्र्याची खोली तापते, धातू प्रसरण पावतो, आतल्या दांड्याची लांबी बदलते आणि हजारात चारचे ते नाजूक अंतर ढळते. म्हणून हा दांडा इन्वार नावाच्या, उष्णतेने जवळजवळ न वाढणाऱ्या मिश्रधातूचा करतात. अंतर ६०० किलोहर्ट्झऐवजी काही मेगाहर्ट्झ असते तर एवढी धारदार नळकांडी लागलीच नसती. जवळच्या फ्रिक्वेन्सी वापरून स्पेक्ट्रम वाचवला, त्याची भरपाई तांब्या-चांदीने करावी लागते.

या सगळ्यात हातातल्या वॉकीटॉकीला डुप्लेक्सर लागत नाही, हे आवर्जून लक्षात घ्यावे. बटण दाबले की तिचे ऐकणे बंद, सोडले की बोलणे बंद. म्हणूनच वाक्य संपल्यावर ‘ओव्हर’ म्हणायचे. ही झाली अर्ध-डुप्लेक्स पद्धत. माणूस आळीपाळीने बोलतो-ऐकतो म्हणून त्याचे यंत्र लहान आणि स्वस्त राहते. डोंगरावरचे यंत्र एकाच वेळी दोन्ही करते म्हणून ते मोठे आणि महाग होते. दरीतल्या माणसाच्या हातचा भार माथ्याने उचललेला असतो.

आतापर्यंत गोष्ट एका डोंगराची झाली. आता साखळी घेऊ. कागदावर चार माथे मांडले: सुरगाण्याच्या बाजूचा एक डोंगर, मग सप्तशृंगीची रांग, मग चांदवड, मग मनमाडजवळची अंकाई. सुरगाण्याचा संदेश अंकाईपर्यंत न्यायचा आहे. पहिल्या टप्प्याला एक फ्रिक्वेन्सी दिली. सप्तशृंगीला ती ऐकता ऐकता पुढे बोलायचे आहे, म्हणून दुसऱ्या टप्प्याला दुसरी. तिसऱ्या टप्प्याला, चांदवड ते अंकाई, पुन्हा पहिली देता येईल का? देऊन पाहा. चांदवड जेव्हा पहिल्या फ्रिक्वेन्सीवर अंकाईशी बोलेल, तेव्हा तो आवाज मागे सप्तशृंगीलाही ऐकू जाईल. सप्तशृंगी त्याच फ्रिक्वेन्सीवर सुरगाण्याचा संदेश ऐकत बसलेली आहे. झाला गोंधळ! म्हणून तिसऱ्या टप्प्याला तिसरी फ्रिक्वेन्सी लागते. चौथा टप्पा असेल तर तिथे पहिली पुन्हा येऊ शकते, कारण अंकाईचा आवाज सप्तशृंगीपर्यंत पोहोचणार नाही, निदान पोहोचू नये अशी आखणी करता येते. चोहोबाजूंनी बोलणाऱ्या अँटेना असल्या तर साखळीला दोन फ्रिक्वेन्सी पुरत नाहीत, तीन तरी लागतात. ‘एक ऐकायला, एक बोलायला’ एवढ्यावर थांबणारा आराखडा तिसऱ्या डोंगरावर फसतो.

मग दोन फ्रिक्वेन्सींत भागवायचे असेल तर? आवाजाला दिशा द्यावी लागते. मायक्रोवेव्हच्या जाळ्यात हेच करतात. मनोऱ्यांवरच्या त्या गोल अँटेना लहरीला अरुंद झोतात बांधतात, समोर बोलतात आणि पाठीकडे जवळजवळ काहीच सांडत नाहीत. अमेरिकेत १९५१ मध्ये न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को ही टेलिफोन आणि टेलिव्हिजनची रिले साखळी पुरी झाली ती याच तत्त्वावर. शंभराहून अधिक मनोरे, फ्रिक्वेन्सी ४,००० मेगाहर्ट्झच्या आसपास, आणि प्रत्येक मनोरा आलेला संदेश ४० मेगाहर्ट्झने सरकवून पुढे पाठवी. एका ठिकाणी वर, पुढच्या ठिकाणी खाली, पुन्हा वर.

आजच्या मायक्रोवेव्ह जाळ्यातही पट्ट्याचे दोन भाग करतात, वरचा आणि खालचा, आणि प्रत्येक जागा ‘हाय’ किंवा ‘लो’ ठरते. हाय जागा सर्व दिशांना वरच्या भागात बोलते आणि खालच्या भागात ऐकते. लो जागेचे उलटे. त्यामुळे एका मनोऱ्यावर कितीही अँटेना असोत, तिथले सगळे ट्रान्समीटर एका भागात आणि सगळे रिसीव्हर दुसऱ्या भागात राहतात. कोणाचे तोंड कोणाच्या कानाला लागत नाही. शेजारच्या दोन जागा मात्र नेहमी विरुद्ध असाव्या लागतात. सरळ साखळीत हे आपोआप जुळते. वर्तुळात?

वर्तुळ करण्याचे कारण सर्वांना ठाऊक आहे. एक दुवा तुटला तर संदेश दुसऱ्या बाजूने फिरून यावा. डोंगर क्षणभर बाजूला ठेवून असे वर्तुळ आखू. नाशिक हाय, त्र्यंबक लो, घोटी हाय, सिन्नर लो, आणि पुन्हा नाशिक. चार जागा, चारही दुवे बरोबर. आता त्र्यंबक आणि घोटी यांच्यामध्ये इगतपुरी घातली. नाशिक हाय, त्र्यंबक लो, इगतपुरी हाय, घोटी लो, सिन्नर हाय, आणि शेजारी नाशिकही हाय! दोन्ही जागा वरच्या भागात बोलणार आणि खालच्या भागात ऐकणार, म्हणजे एकमेकींचे काहीच ऐकणार नाहीत. कुठूनही सुरुवात केली तरी पाच जागांच्या वर्तुळात हे होणारच, कारण दोन रंग आळीपाळीने लावत विषम संख्येचे वर्तुळ कधीच पुरे होत नाही. यंत्र कितीही उत्तम आणले तरी यातून सुटका नाही. मग एका दुव्याला वेगळा पट्टा द्यायचा, सात गिगाहर्ट्झऐवजी पंधरा गिगाहर्ट्झचा, म्हणजे दोन्ही पट्टे एकमेकांना ओळखतच नाहीत. नाहीतर एका दुव्यावर फायबर टाकायचा. तेही जमत नसेल तर सहावी जागा शोधायची. हा निर्णय आखणीच्या पहिल्याच दिवशी घ्यावा लागतो. मनोरे उभे राहिल्यावर तो घेणे फार महागात पडते.

वेगळा पट्टा निवडताना सह्याद्रीचा पाऊस विसरून चालत नाही. दहा गिगाहर्ट्झच्या वर पावसाचे थेंब लहरीला गिळू लागतात आणि फ्रिक्वेन्सी वाढेल तसे ते वाढत जाते. इगतपुरीला नाशिक शहराच्या कितीतरी पट पाऊस पडतो. सिन्नरच्या कोरड्या बाजूला पंधरा किंवा तेवीस गिगाहर्ट्झचा दुवा सुखाने चालेल. घाटमाथ्यावर तोच दुवा जुलैच्या सरींत आडवा होईल. तिथे खालचा पट्टाच हवा.

आणखी एक धोका आहे, तो सरळपणाचा. चार जागा एका सरळ रेषेत असल्या, तर पहिल्या जागेचा झोत दुसरीला भेटून तिथेच संपत नाही. तो पुढे जात राहतो. चौथी जागा तिसरीकडून त्याच फ्रिक्वेन्सीवर ऐकत असते आणि वातावरण अनुकूल असलेल्या एखाद्या रात्री पहिलीचा झोत थेट तिच्या अँटेनात शिरतो. म्हणून अनुभवी आखणीकार साखळी मुद्दाम नागमोडी ठेवतात आणि पहिल्या टप्प्यावर लहर उभी असेल तर त्याच फ्रिक्वेन्सीच्या तिसऱ्या टप्प्यावर ती आडवी करतात. सह्याद्रीत माथे क्वचितच सरळ रेषेत सापडतात, त्यामुळे हा धोका इथे निसर्गानेच पुष्कळसा कमी केला आहे.

आता मोबाइलकडे येऊ. जुन्या ९०० मेगाहर्ट्झच्या जीएसएम पट्ट्यात फोन ८९० ते ९१५ मध्ये बोलतो आणि मनोरा ९३५ ते ९६० मध्ये. दोहोंत ४५ मेगाहर्ट्झचे अंतर. १८०० च्या पट्ट्यात हे अंतर ९५ आहे. दोन्हीकडे खालची बाजू फोनला दिली आहे, ती विचारपूर्वक. खालच्या फ्रिक्वेन्सीची लहर थोडी कमी झिजते, आणि बॅटरीवर चालणाऱ्या दुबळ्या यंत्राला ती सवलत हवी. अंतर भरपूर असल्यामुळे फोनच्या आतला डुप्लेक्सर नखाएवढा होऊ शकतो. बोलणे एका पट्ट्यात, ऐकणे दुसऱ्या पट्ट्यात. या पद्धतीचे नाव एफडीडी. फोन आणि मनोरा यांच्यापुरती ती निर्दोष आहे.

पण मनोरा आणि फोन यांच्यामध्ये रिले बसवला की काय होते? हा या विषयातला सर्वांत मार्मिक प्रश्न आहे. रिलेला दोन भूमिका कराव्या लागतात. मूळ मनोऱ्यासमोर तो फोन होतो, दरीतल्या फोनसमोर तो मनोरा होतो. फोन म्हणून त्याने मनोऱ्याच्या फ्रिक्वेन्सीवर ऐकायचे. मनोरा म्हणून त्याने त्याच फ्रिक्वेन्सीवर बोलायचे! दुसऱ्या दिशेलाही तसेच: फोनचे ज्या पट्ट्यात ऐकायचे, त्याच पट्ट्यात मूळ मनोऱ्याशी बोलायचे. एफडीडीने इतक्या कष्टाने वेगळे केलेले बोलणे आणि ऐकणे रिलेपाशी येऊन पुन्हा एकमेकांवर आदळतात. विभागणी दोघांसाठी केली होती आणि तिसरा मध्ये आला.

यातून दोन वाटा निघतात. एक म्हणजे मूळ मनोरा आणि रिले यांच्यातला दुवा वेगळ्याच पट्ट्यात न्यायचा. स्वच्छ उपाय, पण जादा स्पेक्ट्रम लागतो. दुसरी वाट म्हणजे तोच पट्टा ठेवून वेळ वाटून घ्यायची. २००९ च्या वायमॅक्स रिले मानकात, त्यानंतरच्या एलटीई-अॅडव्हान्स्डमध्ये आणि २०२० मध्ये पूर्ण झालेल्या फाइव्ह-जीच्या सोळाव्या आवृत्तीत या दोन्ही वाटा वेगवेगळ्या रूपांत आढळतात. एलटीईत रिले ठरावीक मिलिसेकंदांना आपल्या फोनांना ‘आता तुमच्यासाठी काही नाही’ असे आधीच कळवतो, आपले बोलणे थांबवतो आणि तेवढ्या वेळात मूळ मनोऱ्याचे ऐकून घेतो.

वेळ वाटून घेण्याच्या पद्धतीला टीडीडी म्हणतात. मनमाडहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा रेल्वेमार्ग वर्षानुवर्षे एकेरी राहिला. गाड्या दोन्ही दिशांना जात, पण एका वेळी एका दिशेला, समोरची गाडी स्टेशनात थांबवून. टीडीडी हा असा एकेरी मार्ग आहे आणि एफडीडी दुहेरी. एकेरी मार्गाला जमीन निम्मी लागते, आणि दिवसातून कोणत्या दिशेला किती गाड्या सोडायच्या हे गरजेप्रमाणे ठरवता येते. भारतात १ ऑक्टोबर २०२२ रोजी फाइव्ह-जी सुरू झाले त्यातला ३,३०० मेगाहर्ट्झच्या वरचा मुख्य पट्टा टीडीडीचाच आहे. लोक पाठवतात त्यापेक्षा मागवतात फार, म्हणून तिथे वेळेचा मोठा हिस्सा मनोऱ्याच्या बोलण्याला दिलेला असतो.

किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एक, दिशा बदलताना मधे थोडा वेळ मोकळा सोडावा लागतो, कारण लहरीला प्रत्येक किलोमीटरला ३.३ मायक्रोसेकंद लागतात. दहा किलोमीटरच्या जाण्यायेण्याला सुमारे ६७. दोन, आणि हे साखळीत फार जाचक होते, प्रत्येक टप्प्याला वेग घटतो. एकाच फ्रिक्वेन्सीवरचा रिले ऐकत असताना बोलत नाही, म्हणजे दोन टप्प्यांत वेग निम्मा. घरातला साधा वायफाय रिपीटर लावणाऱ्यांनी हे अनुभवले असेल. तीन टप्प्यांत तो एकतृतीयांश होतो, कारण पहिला बोलत असताना दुसऱ्याने गप्प राहायचे आणि तिसऱ्यानेही, नाहीतर तिसऱ्याचा आवाज दुसऱ्याच्या कानात. आवाज एका टप्प्यापेक्षा दुप्पट अंतरावर त्रास देऊ शकतो असे धरले, आणि प्रत्यक्षात तो देतोच, तर लांब साखळीत चारांतून एकाच टप्प्याला बोलता येते. शंभर मेगाबिटचा पंचवीस होतो, तोही सगळे शिस्तीत बोलले तर. प्रत्येक रिलेला दोन रेडिओ आणि दोन फ्रिक्वेन्सी दिल्या की ही घट टळते. वेळ वाचवायची असेल तर स्पेक्ट्रम द्यावा लागतो.

हे सारे नाशिकला पुस्तकापुरते राहत नाही, याचे कारण सिंहस्थ कुंभमेळा. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या सिंहस्थात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविकांचे प्राण गेले. तो दिवस या शहराने विसरू नये. गर्दीच्या नियोजनात रस्ते, अडथळे, पोलीस हे सारे येते, आणि एका चौकातली खबर पुढच्या चौकात काही क्षणांत पोहोचणे हेही येते. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुन्हा पर्वण्या आहेत. रामकुंड, तपोवन, त्र्यंबकेश्वर या जागी काही दिवस अफाट माणसे येतील आणि मग निघून जातील. तिथे कायमचे मनोरे बांधण्यापेक्षा तात्पुरते रिले बसवण्याचा मोह साहजिक आहे.

मोह होण्यात गैर नाही, फक्त गणित आधी करावे. घाटावरची गर्दी एरवीच्या गर्दीसारखी वागत नाही. ती मागवत नाही, पाठवते. स्नानाचे फोटो, व्हिडिओ, घरच्यांना थेट दर्शन. मनोऱ्याच्या बोलण्याला मोठा हिस्सा देणारी टीडीडीची वाटणी नेमकी इथे उलटी पडते. मग रामकुंडावरच्या एकट्या मनोऱ्याने वाटणी बदलली तर? शेजारचा मनोरा बोलत असताना हा ऐकायला बसेल आणि शेजाऱ्याचा प्रचंड आवाज इथल्या फोनांच्या क्षीण आवाजावर स्वार होईल. म्हणून टीडीडीत परिसरातल्या सर्व मनोऱ्यांची वाटणी एकच आणि घड्याळे एकच असावी लागतात, दीड मायक्रोसेकंदाच्या आतबाहेर. ही घड्याळे उपग्रहांवरून जुळवली जातात. बदल करायचा तर सर्वांनी मिळून करायचा, आणि त्यासाठी प्रतिस्पर्धी कंपन्यांना एका टेबलावर बसवावे लागते. हे काम प्रशासनाचे आहे, यंत्राचे नाही.

पोलिसांच्या बोलण्याचे जाळे मात्र या हिशेबापासून वेगळे ठेवणेच शहाणपणाचे. आवाजाला वेग लागत नाही, खात्री लागते. डोंगरावरचा रिपीटर, दोन स्वतंत्र फ्रिक्वेन्सी, नीट जुळवलेला डुप्लेक्सर आणि हातात वॉकीटॉकी, ही जुनी रचना लाखो फोन एकाच वेळी चालू झाले तरी त्यांच्या रांगेत उभी राहत नाही.

उरला चौथा मार्ग, वजाबाकीचा. केंद्र स्वतः काय बोलते हे केंद्राला ठाऊक असते. मग ऐकलेल्यातून ते वजा का करू नये? कल्पना सोपी, पण अँटेनातून बाहेर पडलेला आवाज आसपासच्या भिंतींवरून, माणसांवरून परावर्तित होऊन बदलून परत येतो आणि तो बदल क्षणाक्षणाला मोजावा लागतो. २०१० पासून स्टॅनफर्ड विद्यापीठात यावर काम झाले. २०१३ मध्ये तिथल्या दिनेश भराडिया आणि आयआयटी मुंबईतून शिकलेले सचिन कट्टी यांच्या गटाने एकाच अँटेनावर, एकाच फ्रिक्वेन्सीवर, एकाच वेळी बोलून-ऐकून दाखवले, ११० डेसिबेलची वजाबाकी करून. वायफायच्या लहान शक्तीला ती पुरते. पण २५ वॉटच्या रिपीटरला सुरुवातीला मांडलेले १६३ गाठायचे आहेत, आणि मधल्या ५३ डेसिबेलचा अर्थ दोन लाख पट. शिवाय साखळीत वजाबाकी फक्त आपल्या आवाजाची होते. दोन डोंगर पलीकडच्या शेजाऱ्याचा आवाज आपल्याला आधी ठाऊक नसतो, तो वजा करता येत नाही. त्याच्यासाठी फ्रिक्वेन्सी किंवा वेळ वेगळी करणे चुकत नाही.

म्हणून तात्पुरत्या जाळ्याचा आराखडा करताना टप्पे मोजणे हे पहिले काम आहे. भारतातली पहिली ऑप्टिकल फायबर जोडणी १९७९ मध्ये पुण्यातल्या टेलिफोन एक्स्चेंजांमध्ये झाली. तेव्हापासून फायबर इतका पसरला आहे की नाशिक शहरात कोणत्याही घाटापासून तो फार दूर नसतो. त्या फायबरपासून पहिला बिनतारी टप्पा वेगळ्या पट्ट्यातल्या अरुंद झोताचा असावा. दुसरा टप्पा आवश्यकच असेल तर त्याला स्वतःची फ्रिक्वेन्सी द्यावी. तिसऱ्या टप्प्याची गरज भासली तर तिथे रिले न लावता फायबर ओढावा, कारण तिसऱ्या टप्प्यापासून पुढे एकाच फ्रिक्वेन्सीवरचा प्रत्येक रिले गर्दीला वेग देण्याऐवजी तिच्याकडून काढून घेऊ लागतो.